गाडीचा पत्ता

बेंगळुरूत भाड्याचं घर शोधायला लागलं की 'फॅमिली एरिया' हा शब्द पहिल्याच दिवशी कानावर पडतो. एजंटच्या तोंडी त्याचा अर्थ एवढाच की इथे एकट्या राहणाऱ्या मुलामुलींना घर मिळत नाही, आणि पुष्कळदा मांसाहार करणाऱ्यांनाही नाही. कोण नको, ते हा शब्द सांगतो. ज्यांना घर मिळतं त्यांचं तिथे कसं चालेल, ते सांगत नाही.

आमच्या घरात चार माणसं. नवरा पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. मी घरी बसून कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. मुलगी ९ वर्षांची. आणि बाबा गेल्यावर कोल्हापूरहून आमच्याकडे आलेली ७६ वर्षांची आई. तिच्याबरोबर बाबांची गाडीही आली, एमएच ०९ पासिंगची. जुनं घर पुरेना म्हणून नवं शोधायला निघालो, आणि शेवटी दोन घरं उरली. एक तुमकुरू रस्त्यावर शहराच्या टोकाला, मोठ्या सोसायटीत: गेटवर वॉचमन, आत बाग, दोन गाड्यांची जागा. दुसरं राजाजीनगरात, पहिल्या मजल्यावर, खाली मालक. गाडीला जागा नाही. "रस्त्यावर लावा, सगळे लावतात," मालक म्हणाले. म्हणजे घर निवडायचं तर आधी गाडीचं ठरवायला हवं होतं.

राजाजीनगर वसलं ते चाळीसच्या दशकाच्या अखेरीस, राजाजी गव्हर्नर जनरल असतानाच्या काळात, औद्योगिक उपनगर म्हणून. कन्नडमध्ये अशा वसाहतीला 'बडावणे' म्हणतात. माझ्या कानाला तो आपल्या 'वाढवणे'चा भाऊ वाटतो. कल्पना अशी की कारखान्याच्या जवळ घरं, घरांच्या जवळ शाळा आणि बाजार. मराठी माणसाला ही कल्पना परकी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथे कारखाना आणि कामगारांची घरं शेजारी शेजारी होती. १९४६ साली किर्लोस्कर इलेक्ट्रिक बेंगळुरूत सुरू झाली. राजाजीनगर आणि मल्लेश्वरम यांच्या मधल्या किर्लोस्करांच्या जागेवर आता ओरायन मॉल आणि उंच इमारती आहेत, आणि त्यांच्या पोटात गाड्या लावायचे मजले.

कारखाने गेले तरी त्यांच्यासाठी आखलेले रस्ते राहिले. मेन आणि क्रॉस असे काटकोनात, आकड्यांनी ओळखायचे. आमच्या त्या घरापासून किराणा, भाजी, औषधाचं दुकान, दर्शिनी, बाग आणि मुलीची शाळा, सगळं चालत जाण्याजोगं होतं. १ मार्च २०१४ रोजी संपिगे रोड ते पीण्या इंडस्ट्री ही मेट्रो सुरू झाली, तिच्यावर राजाजीनगरचं स्टेशन आहे. नवऱ्याचं जाणं-येणं तिथेच सुटत होतं. पुढे २०१७मध्ये तीच लाइन मॅजेस्टिकला जोडली गेली. तिथून गांधीनगरातलं महाराष्ट्र मंडळ जवळ, म्हणजे आईला मराठी बोलायला जागा.

हे सगळं नकाशावर. प्रत्यक्षात एका सकाळी मी आईला घेऊन त्या क्रॉसवरून चालून पाहिलं. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर पूर्वी एक कुटुंब राहायचं, आता तीन-चार मजले चढलेत आणि दर मजल्याची एक गाडी आहे. फूटपाथ म्हणजे गटारावर टाकलेल्या फरश्या. त्यातली एखादी हलते, एखादी नसतेच, आणि उरलेल्यांवर गाड्यांची चाकं. आई दर वीस पावलांना रस्त्यावर उतरत होती, आणि उतरताना आधी माझा हात धरत होती. घरच्यांच्या सोयीसाठी म्हणून घेतलेल्या गाड्यांनीच घरच्यांची वाट अडवली होती. आम्ही आमची गाडी तिथे लावली असती तर आणखी दोन फरश्या गेल्या असत्या.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं, आणि खोटं नव्हतं. "रात्री दोनला आईंच्या छातीत दुखायला लागलं तर? टॅक्सी येईपर्यंत बसून राहायचं?" या प्रश्नाला मी आजही पुरतं उत्तर देऊ शकत नाही. पण हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडावा लागतो. ती रात्र कधीतरी येईल. रोजच्या सकाळचं काय? त्या सोसायटीत आईला देवळात जायचं तर कुणीतरी गाडी काढायची. मुलीला मैत्रिणीकडे जायचं तरी तेच. दोघींनीही तयार होऊन आमची वाट पाहायची. गाडी चालवणाऱ्याला मोकळीक देते. मागच्या सीटवर बसणारे त्याच्या वेळेवर जगतात. आमच्या घरात चालवणारे दोन होते आणि मागे बसणाऱ्या दोन.

त्यात कायद्याने मुदत घातली. मोटार वाहन कायद्याच्या ४७व्या कलमाप्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. कोल्हापूरच्या आरटीओकडून ना हरकत आणायची, इथला कर भरायचा, तिथल्या कराचा परतावा मागायचा. हे कागद जमवताना लक्षात आलं की आईचंही नेमकं हेच आहे. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आहे, पण राज्याच्या हद्दीपर्यंतच. कर्नाटकात जून २०२३पासून बायकांना साध्या बसमध्ये तिकीट नाही, पण ओळखपत्रावर इथला पत्ता हवा. मी तिला म्हटलं, "आधारवरचा पत्ता बदलून घेऊ या." ती म्हणाली, "गाडीचा बदला आधी."

तिला तो बदलायचा नव्हता, हे मला कळलं. बाबांच्या गाडीवर केए लागलं की कोल्हापूरचं घर संपलं, असं तिच्या मनात होतं. मग आम्ही गाडी कोल्हापुरातच, ओळखीच्या माणसाला विकली. नंबर तोच राहिला. चावी तिनेच दिली. आणि राजाजीनगरचं घर घेतलं.

पत्ता तिने अजून बदललेला नाही. बसमध्ये शेजारच्या बायका फुकट बसतात आणि ही तिकीट काढते. "पाहुणीनं तिकीट काढावं," म्हणते. रात्रीच्या प्रश्नासाठी फ्रिजवर तीन नंबर चिकटवलेत; त्यातला एक खालच्या मालकांचा आहे, त्यांच्याकडे गाडी आहे. म्हणजे गाडीशिवाय आमचं चालतं, ते थोडंसं दुसऱ्याच्या गाडीवर. हे मान्य करायला हवं.

पण कुणी मला विचारलं की कुटुंबासाठी कोणती वस्ती चांगली, तर बाग किती मोठी, शाळा कितवी, पार्किंग किती गाड्यांचं, हे मी आता नंतर सांगते. आधी विचारते, तुमच्या घरातलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात म्हातारं माणूस तुम्हाला न विचारता कुठवर जाऊन परत येऊ शकतं? आमच्याकडे सध्या उत्तर आहे: तिसऱ्या क्रॉसपर्यंत. मधे दोन ठिकाणी रस्त्यावर उतरावं लागतं.