दुसरा मचवा

संत लूकच्या शुभवर्तमानात पेत्राचे जाळे फाटू लागते, तेव्हा तो दुसऱ्या मचव्यातील साथीदारांना खुणावतो. ते येतात आणि दोन्ही मचवे मासळीने भरतात. उत्तन-वसईच्या कोळी बांधवांना यात काहीच नवल वाटणार नाही. आम्हां धर्मसेवकांना मात्र खुणावण्याचाच संकोच!

हा संकोच जुना आहे. १९१० साली एडिंबरा येथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेत कॅथलिक प्रतिनिधी नव्हतेच. तेथे व्ही. एस. अझरय्या या भारतीय धर्मसेवकाने पाश्चात्त्य मिशनऱ्यांचा त्याग मान्य केला. पण मागितली ती मैत्री. दानात एक हात वर असतो, एक खाली. मैत्रीत दोघे एकाच पंगतीला बसतात.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ साली ऐक्याचे दार उघडले आणि १९६५ साली बायबलच्या संयुक्त भाषांतरास मोकळीक दिली. १९६८ साली बायबल सोसायट्यांशी त्याचे नियम ठरले. वादाचा मुद्दा होता काही ग्रंथांच्या प्रामाण्याचा. तो झाकला गेला नाही. संयुक्त आवृत्तीत ते ग्रंथ नव्या करारापूर्वी स्वतंत्र विभागात छापावेत, असे ठरले. मतभेदाला जागा नेमून दिली, म्हणून काम पुढे गेले.

२००५ च्या महापुरानंतर एका वस्तीत दोन ख्रिस्ती संस्थांचे ट्रक एकाच दिवशी चादरी घेऊन आलेले आम्ही पाहिले. शेजारच्या वस्तीकडे कोणीच फिरकले नव्हते. त्यानंतर आम्ही आणि शेजारचे प्रॉटेस्टंट पाळक एकत्र बसलो. घरांची यादी कोणी करावी, हिशेब कोणी ठेवावा, हे आधी ठरवले. फलक कोणाचाच लावायचा नाही आणि वाटपाच्या वेळी कोणाला आपल्या प्रार्थनेचे आमंत्रण द्यायचे नाही, हेही ठरले.

धर्मग्रामातील एका वडीलधाऱ्यांनी विचारले, “फादर, उद्या आपली माणसं तिकडे गेली तर?” ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. आम्ही त्यांनाच यादीच्या कामाला बसवले. पाळकांच्या मंडळीतील खजिनदारांशी त्यांचे पहिल्या दिवशी खटके उडाले. आठवड्याने दोघे एकाच छत्रीतून घरे मोजत होते.

प्रभूभोजनाची वेदी आजही आम्हां दोघांची एक नाही. हे शल्य कोणत्याही सहकार्याने निघत नाही, आणि निघाले असे भासवूही नये. काम संपले की ते त्यांच्या मंदिराकडे जातात, आम्ही आमच्या. पावसाळ्यापूर्वी उघडली जाणारी घरांची यादी मात्र एकच असते.