आणणाऱ्याचं नाव

आमच्या जिल्ह्यातून जाणाऱ्या महामार्गाचा नंबर बदलून ५३ झाला त्याला बरीच वर्षं झाली, तरी लाखनी-साकोलीकडचे जुने लोक त्याला 'सहा नंबर' म्हणतात. मी भंडाऱ्याच्या कोर्टात वकिली करतो आणि माझ्याकडची निम्मी प्रकरणं या रस्त्याने दिलेली आहेत. मोटार अपघाताच्या दाव्यात प्रथम खबर, घटनास्थळ पंचनामा, जखमेचं प्रमाणपत्र यांवर सगळे तुटून पडतात. मी मात्र आधी इस्पितळाच्या एमएलसीचा, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाचा कागद काढतो. त्यावर एक रकाना असतो, 'ब्रॉट बाय', म्हणजे जखमीला कोणी आणलं. तिथे कधी '१०८' असतं, कधी 'नातेवाईक'. 'अनोळखी इसम' असं लिहिलेलं दिसलं की दावा जड जाणार हे मला कळतं.

कारण पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. घरचे लोक जखमीला घेऊन नागपूरला 'मेडिकल'मध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी इस्पितळात, धावलेले असतात. पोलिसांत फिर्याद द्यायला आठवडा, कधी पंधरवडा लागतो. मग विमा कंपनीचे वकील विचारतात, इतके दिवस काय करत होता? ही गाडी नंतर गोवली नाही कशावरून? अशा वेळी अपघातानंतर अर्ध्या तासात कोणी तिऱ्हाईताने डॉक्टरला सांगितलेली एक ओळ, 'ट्रॅक्टरने उडवलं, अमुक ठिकाणी', ही हजार रुपयांच्या स्टॅम्पपेपरहून भारी ठरते. ती ओळ सांगणारा माणूस मात्र सापडत नाही. तो जखमीला दारात टाकून पळालेला असतो.

तो का पळतो, हे मला २०२१च्या नोव्हेंबरात नीट ऐकायला मिळालं. २ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर या काळात विधी सेवा प्राधिकरणाची देशभर गावोगाव कायदेविषयक जागृतीची मोहीम होती. आम्हा वकिलांना गावं वाटून दिली होती. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, एसटीचा संप चालू होता, म्हणून एका सहकाऱ्याच्या गाडीने आम्ही महामार्गालगतच्या एका गावात गेलो. धान कापणीचे दिवस. माणसं बांधावरून उठून आली होती, बचत गटाच्या बाया पुढे बसल्या होत्या.

माझा विषय होता अपघातात मदत करणाऱ्याला कायद्याने दिलेलं संरक्षण. मी तयारीनिशी गेलो होतो. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी याबाबतच्या सूचनांना कायद्याचं बळ दिलं, २०१९मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आलं, २०२०च्या सप्टेंबरात नियम निघाले. मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. पोलीस त्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करू शकत नाहीत. इस्पितळ त्याला अडकवून ठेवू शकत नाही, पैसे मागू शकत नाही. आणि १५ ऑक्टोबरपासून, म्हणजे महिनाही झाला नव्हता, वेळेत इस्पितळात पोचवणाऱ्याला ५,००० रुपये देण्याची केंद्राची योजना सुरू झाली होती.

पाच हजारांवर एका आजोबांनी लगेच बोट ठेवलं. "पैसे कोनाच्या नावानं येतीन जी?" योजनेप्रमाणे पोलिसांनी मदत करणाऱ्याचं नाव, पत्ता, मोबाइल लिहून पावती द्यायची, मग ती जिल्हा समितीकडे जायची, आणि रक्कम बँकेत. म्हणजे नाव न सांगण्याचा हक्क एका हाताने आणि नाव सांगाल तर बक्षीस दुसऱ्या हाताने. आजोबा नुसते हसले. मीही हसलो.

खरा प्रश्न मागून आला. गावची आशा स्वयंसेविका उभी राहिली. म्हणाली, "सायेब, तुमी म्हनता वाचवनाऱ्याले कोनी धरत नाई. मंग सिव्हिलच्या नर्सायले काहून धरलं?"

सभेत एकदम चुळबुळ झाली. त्या वर्षी भंडाऱ्यात हे निराळं समजावून सांगावं लागत नव्हतं. ९ जानेवारीच्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षाला आग लागली, सतरा बाळांपैकी दहा गेली, सात वाचवली. गेलेली बाळं ज्या भागात होती तिथे जन्मानंतर बाहेरून आणलेल्यांना ठेवत. म्हणजे कुठल्या तरी उपकेंद्रातून, ग्रामीण रुग्णालयातून, रात्री गाडीत घालून कोणी तरी त्यांना धडपडत तिथवर आणलं होतं. पुष्कळदा तो 'कोणी तरी' म्हणजे आशाच असते. चौकशी झाली, वरच्यांपैकी काहींचं निलंबन झालं, पण फेब्रुवारीत फौजदारी गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. आणि आमच्या सभेच्या आदल्याच आठवड्यात, ६ नोव्हेंबरला, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग जळाला. चारच दिवसांत तिथल्या एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना अटक झाल्याची बातमी घरोघरी टीव्हीवर दिसली होती.

मी वकिलासारखं उत्तर दिलं. रस्त्यावरच्या वाटसरूवर कायद्याने कसलंही कर्तव्य टाकलेलं नाही, तो आपणहून मदत करतो, म्हणून त्याला संरक्षण. परिचारिका पगारी सेवेत, रुग्ण तिच्या ताब्यात, म्हणून तिच्यावर कर्तव्य आणि त्यात कसूर झाली का याची चौकशी. वैद्यकीय निष्काळजीपणाला फौजदारी गुन्हा ठरवायचं तर तो ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्येच सांगून ठेवलंय. सगळं बरोबर होतं. आशाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग मी कोन? वाटसरू का नर्स?"

याचं उत्तर मला आजही एका दमात देता येत नाही. तिला शासन सेवक मानत नाही, पण मोबदला देतं. कलम १३४ अ मोबदल्याची अपेक्षा न ठेवणाऱ्यासाठी आहे. शिवाय ते फक्त मोटार अपघातापुरतं आहे. बाळंतीण १०२च्या गाडीत अडली, धुऱ्यावर कोणाला नाग चावला, रोवणी करताना वीज पडली, तर त्या जखमीला उचलणारा या कलमाच्या बाहेर. आमच्या भागात महामार्ग एकच आहे आणि धानाच्या बांध्या चारी बाजूंना. तिला आधार आहे तो जुन्या दंड संहितेच्या ९२व्या कलमाचा. ज्याला संमती देता येत नाही अशाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेलं काम गुन्हा ठरत नाही, असं ते कलम म्हणतं. नव्या न्याय संहितेत तेच ३०वं कलम झालंय. तेव्हाचं ९२वं कलम मी तिला सांगितलं. पण ते कलम कोर्टात बचाव म्हणून उभं राहतं, रात्री दोन वाजता चौकीत जाण्यापासून वाचवत नाही, हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं. लोक कायदा निकालपत्रांतून शिकत नाहीत. कोणाला धरलं आणि कोण सुटलं, हे पाहून शिकतात. त्या बाबतीत २०२१ सालाने आमच्या जिल्ह्याला जे शिकवलं ते माझ्या भाषणाने पुसण्यासारखं नव्हतं.

पुढे एका हिवाळ्यात हे सगळं माझ्या स्वतःच्या अंगावर आलं. एका सहकाऱ्याबरोबर साकोलीहून परतत होतो. मोहघाट्याचं जंगल ओलांडल्यावर रस्त्यात मोटारसायकल आडवी आणि जरा पुढे माणूस. धानाची ट्रॉली घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टरला मागून धडकला होता. मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या या मोसमात आमच्याकडे नेहमीच्या. लोक जमले होते, एक पोरगा मोबाइलवर चित्रण करत होता. १०८ लावला. जवळची गाडी दुसरा पेशंट घेऊन गेली होती, यायला वेळ लागणार होता. आम्ही त्याचा पाय गमछ्याने बांधून त्याला मागच्या सीटवर घेतलं.

वाटेत लाखनीला एका खासगी इस्पितळात थांबलो. काउंटरवर ठरलेलं वाक्य मिळालं, "पोलीस केस आहे, सिव्हिलला न्या." दिल्लीतले वकील परमानंद कटारा ज्या बातमीमुळे सर्वोच्च न्यायालयात गेले ती नेमकी हीच होती. स्कूटरवाल्याला धडक बसली, जवळच्या इस्पितळाने वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या इस्पितळात पाठवलं, तो वाटेतच गेला. लाखनी ते भंडारा अंतर साधारण तेवढंच. २८ ऑगस्ट १९८९ला न्यायालयाने सांगितलं की आधी जीव, मग कागद, आणि हे सरकारी-खासगी सगळ्या डॉक्टरांना लागू. मोटार वाहन कायद्याचं १३४वं कलमही तेच सांगतं. मी वकील असल्याचं सांगितल्यावर ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर बाहेर आला, रक्त थांबवलं, सलाइन लावलं, मग पुढे पाठवलं. काळा कोट नसता तर? हा प्रश्न माझ्या सहकाऱ्याने गाडीत विचारला आणि मी काच खाली केली.

पण त्या डॉक्टरचीही बाजू आहे. पेशंट दगावला तर काचा फुटतात. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१०पासून कायदा आहे, तरी फुटतात. वाचला तर साक्षीचं समन्स येतं, आणि डॉक्टर दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात बसून तारीख घेऊन परत जातो. कटारा निकालात डॉक्टरांना असं ताटकळत ठेवू नका हेही लिहिलंय. ती तारीख मागणारे आम्हीच असतो.

सिव्हिलमध्ये चौकीतला हवालदार सभ्य होता. रजिस्टर उघडून म्हणाला, "साहेब, नाव नाही दिलं तरी चालते. पण रकाना रिकामा ठेवला तर वरून विचारतात." मी नाव दिलं. वेळ, जागा आणि ट्रॅक्टरचा रंगही लिहायला लावला. नंबर मला दिसला नव्हता.

माणूस वाचला. पाय मात्र कामाचा राहिला नाही. ट्रॅक्टर पळून गेला होता. पळून गेलेल्या वाहनाच्या प्रकरणात गंभीर जखमीला सरकारी निधीतून मिळतात ५०,००० रुपये, मृताच्या वारसांना दोन लाख. तेही १ एप्रिल २०२२पासून, त्याआधी साडेबारा आणि पंचवीस हजार होते. नंबर सापडला तर दावा वाहनमालकावर आणि विमा असेल तर कंपनीवर होतो, आणि रक्कम पायाच्या किमतीच्या थोडी तरी जवळ जाते. नंबर होता त्या पोराच्या चित्रफितीत. ज्याला आम्ही तिथे शिव्या घातल्या होत्या. ती व्हॉट्सॲपवर गावभर फिरलेली, पण कोर्टात पुरावा म्हणून आणायची तर मूळ चित्रण करणाऱ्याचं सहीचं प्रमाणपत्र लागतं. पोराचा बाप म्हणाला, व्हिडिओ घ्या, पोराचं नाव नको. शेवटी नंबरावरून पोलिसांनी ट्रॅक्टर शोधला, दिव्याची जागा रिकामी होती, आणि साक्षीला मी उभा राहिलो. जखमीचा दावा दुसऱ्या वकिलाने चालवला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उलटतपासणी कशी दिसते ते मला तेव्हा कळलं. "आपण नेमके त्याच वेळी तिथे कसे?" या प्रश्नावर पहिल्यांदा माझा आवाज चढला.

आता शिबिरात मी कलमांचे आकडे कमी सांगतो. आधी १०८ किंवा ११२ लावा. डॉक्टरला वेळ, जागा आणि वाहन सांगा, ते लिहून घेतलं का बघा. रस्त्यावरच्या अपघातात जखमीच्या उपचारासाठी सात दिवसांपर्यंत दीड लाखाची रोकडरहित योजना मे २०२५पासून आहे, तिचं नाव काउंटरवर घ्या. स्वतःचं नाव द्यायचं की नाही ते तुमच्या मर्जीवर. पण दिलंत तर त्या घराला न्यायाधिकरणात पाय टेकायला जागा मिळते, हेही सांगतो.

गेल्या वेळी पवनीकडच्या एका गावात हे बोलून झाल्यावर भाड्याची गाडी चालवणारा एक जण उठला. त्याने दोनदा जखमी नेले होते. त्याची तक्रार पोलिसांची नव्हती, इस्पितळाचीही नव्हती.

"सायेब," तो म्हणाला, "सीट कवरचे पैसे कोन्त्या कलमात बसतेत?"