मशिदीच्या दारावरची पाटी

मशिदीच्या दाराशी 'मोबाइल बंद ठेवा' अशी पाटी असते. तिच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. खिशात फोन नुसता थरथरला तरी नमाजेतून मन निघून जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. ही पाटी मला एका रमजानच्या संध्याकाळी पुणे-नाशिक महामार्गावर आठवली.

मंचरहून जुन्नरला घरी निघालो होतो. इफ्तारला तासभर होता. शेजारच्या सीटवर खजुराचा डबा आणि समोर नव्या गाडीचा मोठा पडदा. "आता फोन हातात घ्यायलाच नको," असे गाडी विकणाऱ्याने कौतुकाने सांगितले होते. कळंब मागे पडले आणि पडद्यावर 'अम्मी' अशी अक्षरे उमटली. मी बोट टेकवले.

"कुठवर आलास? भजी तळायला घेऊ का?"

मी पडद्यावरचे घड्याळ पाहून हिशेब करू लागलो. मान वर केली तर समोर उसाची ट्रॉली. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. करकचून ब्रेक दाबला. गाडी दोन हातांवर थांबली. खजूर पायाशी सांडले. अम्मी विचारत होती, "काय झालं रे?"

ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी तीन सेकंदांत 50 मीटर जाते. तेवढा रस्ता मी आंधळ्यासारखा कापला होता. 17 जानेवारी 2025 रोजी याच महामार्गावर नारायणगावजवळ मागून टेम्पोची धडक बसून प्रवासी गाडी उभ्या एसटीवर आदळली. 9 जण गेले. चूक कुणाचीही असो, ती सुधारायला रस्ता फार थोडी जागा देतो.

2019 च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणे कायद्याने धोकादायक ठरते. पण कायदा हात पकडतो, मन नाही. माझे मन कढईपाशी होते.

नमाजेत लक्ष ढळले तर तो मामला माझा आणि अल्लाहचा; तो रहीम आहे. पण ट्रॉलीवर ऊसतोड कामगाराचे पोर बसलेले असते तर? हुकूकुल इबाद, म्हणजे बंद्यांचे हक्क, बंद्यानेच माफ करायचे असतात. गेलेला जीव माफी द्यायला येत नाही.

आता अम्मी मी निघाल्यावर फोन करत नाही. मीही गाडीत बसताना फोन बंद करतो. उशीर झालाच तर गाडी कडेला घ्यावी आणि एका खजुरावर रोजा सोडावा. भजी थंड झाली तरी चालतात.