गिळल्याचा आवाज

शुक्रवार सकाळ. कतारमधल्या बरवा अल बराहातली गॅरेजं दुपारपर्यंत बंद असतात. आमच्या ह्यांच्या वर्कशॉपच्या माळ्यावर एक टेबल आहे, तिथे मी अभ्यासाला बसते. खिडकीतून उभे ट्रक दिसतात आणि त्यांच्यामागे कामगारांच्या इमारती. गॅलऱ्यांमध्ये वाळत घातलेले शर्ट, पँट, लुंग्या. लंगोट किंवा दुपटं एकही नाही. दुपटी आहेत, पण ती खेडला, श्रीवर्धनला, बीडला दोऱ्यांवर वाळताहेत.

*

आम्ही नुसतं ‘आयबीसीएलसी’ म्हणतो. स्तनपान सल्लागाराची ही परीक्षा १९८५ पासून जगभर घेतली जाते. १७५ प्रश्न, सगळे पर्यायांचे. दुसऱ्या भागात बहुतेक प्रश्न फोटोंवर: भेगा पडलेलं बोंड, जिभेखालचा आखूड पडदा, लालसर दाटलेली छाती. अरबीत देता येते, मराठीत नाही. त्याआधी स्तनपानाचं ९५ तासांचं शिक्षण. मी नर्स असल्यामुळे शरीररचना वगैरे चौदा विषय पुन्हा करावे लागत नाहीत.

मग आयांना पाजायला प्रत्यक्ष मदत केल्याचे तास. माझ्या वाटेने १०००, अर्जाआधीच्या पाच वर्षांतले. मार्गदर्शकाच्या हाताखाली शिकणाऱ्याला ५००, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून येणाऱ्याला ३००. मैत्रिणींना हा आकडा जाचक वाटतो. मला तो कमीच वाटतो.

*

का वाटतो ते लिहून ठेवते. नवी नर्स होते तेव्हा बाळाचं डोकं मागून धरून मी तोंड छातीवर दाबायचे. बाळ मान मागे टाकून रडायचं आणि मी आईला सांगायचे, ‘दूध कमी आहे, वरचं सुरू करा.’ वरिष्ठांनीही तेच शिकवलं होतं. किती जणींना असं सांगितलं, मोजलेलं नाही.

खरं तर डोक्याला हात लावायचाच नाही. मान आणि खांदे तळहातावर घ्यायचे, बाळाचं पोट आईच्या पोटाला. नाक बोंडासमोर. वरच्या ओठाला बोंड लागलं की बाळ आ करतं. तो आ मोठा होईपर्यंत थांबायचं. आधी हनुवटी टेकली पाहिजे. बोंडाखालचा काळा भाग वरच्यापेक्षा जास्त आत गेला पाहिजे. आईला दुखलं तर पकड चुकली. करंगळी घालून सोडवायचं, पुन्हा लावायचं. हे सगळं चार ओळींत मावतं, पण हाताला वळण लागायला मला दोन वर्षं लागली.

*

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. हे मी इथल्या एका सहकारी नर्सला अभिमानाने सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, ‘पण ते दूध कुणाचं, हे बाळाच्या आईला कळतं का?’ इस्लाममध्ये एका बाईचं दूध ठरावीक वेळा प्यालेली मुलं दूधभावंडं होतात. त्यांचं आपसात लग्न होत नाही. दूध कुणाचं हे अज्ञात राहणं म्हणूनच इथे गंभीर गोष्ट. माझ्या अभ्यासाच्या पुस्तकात हा विषय एका परिच्छेदात उरकलाय. मी समासात तिचा प्रश्न लिहून ठेवला.

*

कतारच्या २००४ च्या कामगार कायद्यात पन्नास दिवसांची बाळंतपणाची रजा, आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत रोज एक तास पाजण्यासाठी. कामावर परतलं की दूध काढून ठेवायचं, आणि बाहेर पंचेचाळीस अंश. काढलेलं दूध खोलीच्या तापमानाला चार तास टिकतं म्हणतात, पण ती खोली पंचवीस अंशांची. गाडीत विसरलेल्या बाटलीला तो नियम लागू नाही, हे प्रत्येकीला वेगळं सांगावं लागतं.

*

आज वायरिंगवाला एक मुलगा वर आला. पहिलं बाळ, सोळा दिवसांचं, गावी.

‘वहिनी, घरी म्हणतात दूध पुरत नाही. डब्याचे पैसे पाठवू का?’

आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने दूध-पावडरच्या डब्याच्या जाहिरातीला बंदी आहे. बीपीएनआय ही स्तनपानासाठी झटणारी संस्था तर आपल्या वर्ध्यात जन्मली, १९९१ मध्ये. तरी डबा घरात येतोच, काळजीच्या वाटेने. पैसे पाठवणं एवढंच या बापाच्या हातात आहे, मग तो पाठवणारच.

मी विचारलं, ‘चोवीस तासांत किती लंगोट ओले होतात? चौदाव्या दिवशी आशाताईंनी वजन केलं का?’

त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. ‘विचारतो,’ म्हणाला.

*

शनिवार, संध्याकाळी सात. तिकडे साडेनऊ. मुलगा गॅरेजच्या पावतीमागे रेघा मारून आला: सात ओले, तीन पिवळी शी. वजन जन्माच्या वजनाच्या पुढे ऐंशी ग्रॅम. म्हणजे दूध पुरतंय. रात्री बाळ दर दीड तासाला रडतं म्हणून त्याची आई घाबरली होती. या वयात चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिणं हेच बरोबर, आणि रात्रीच्या पाजण्यानं दूध वाढतं.

त्याने फोन लावून माझ्या हातात दिला आणि खाली निघून गेला. त्याची बायको आधी लाजली. मग म्हणाली, ‘ताई, आता पितोय.’ मी म्हटलं, ‘बोलू नकोस. फोन त्याच्या गालाजवळ धर.’

पंख्याची घरघर. कुठेतरी भांडं. मग दोन-तीन ओढी आणि एक बारीकसा ‘क्ह’. पुन्हा ओढ, पुन्हा ‘क्ह’.

हे तास मी वहीत लिहीत नाही. परीक्षा व्हायची आहे, सल्लागार म्हणवून घ्यायचा हक्क अजून माझा नाही. तिला तसं सांगितलं, आणि आयआयटी मुंबईच्या डॉ. रूपल दलाल यांचे पकड दाखवणारे मराठी व्हिडिओ पाहायला सांगितले.

‘अजून ऐकवू का?’ तिने विचारलं. मी ऐकत राहिले.