गोठण आणि आवर : काही टिपणे

निळ्या टोपणाच्या नळीत रक्त खुणेपर्यंत भरलंच पाहिजे. आत 3.2 टक्के सोडियम सायट्रेट असतं. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, हे प्रमाण ठरलेलं. रक्त कमी पडलं की सायट्रेट जास्त होतं आणि गोठायला लागणारा वेळ उगाचच वाढलेला दिसतो. शीर सापडत नाही, पेशंट घाबरलेला, नळी जेमतेम अर्धी भरलेली. तरी ती नळी टाकून द्यावी आणि पुन्हा टोचावं. नातेवाईक चिडतात. चिडू द्यावं.

सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून नळीतलं रक्त पातळ राहतं. पाहिजे तेव्हा कॅल्शियम परत घालायचं आणि सेकंद मोजायचे. या विषयातल्या कितीतरी चाचण्या आणि प्रयोग एवढ्या सोयीवर उभे आहेत. शरीरात मात्र कॅल्शियम आहे, गोठवणारी सगळी प्रथिनं आहेत, आणि तरी रक्त वाहतं. आपोआप नाही; ते वाहतं ठेवण्याचं काम क्षणोक्षणी चालू असतं. ते काम कोण करतं हे कळायला फार उशीर लागला. मला या साऱ्या शास्त्रातला सर्वांत देखणा भाग तोच वाटतो.

*

थ्रॉम्बिन हे गोठण्याच्या केंद्रस्थानी असलेलं एन्झाइम. ते फायब्रिनोजेन कापून फायब्रिनचे धागे करतं, प्लेटलेट्सना जागं करतं, आणि गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी पाचव्या व आठव्या घटकाला चेतवून स्वतःचंच उत्पादन वाढवतं. म्हणजे एकदा सुरू झालं की थांबण्याचं कारणच नाही. मग ते जखमेपाशीच का थांबतं?

उत्तर रक्तवाहिनीच्या अस्तरात आहे. धडधाकट अस्तराच्या पेशींवर थ्रॉम्बोमॉड्युलिन नावाचं प्रथिन असतं. थ्रॉम्बिन वाहत येऊन त्यावर बसलं की त्याचा स्वभावच पालटतो. आता ते फायब्रिनोजेनला हात लावत नाही. ते प्रथिन सी कापून चेतवतं, आणि चेतलेलं प्रथिन सी प्रथिन एसच्या मदतीनं त्याच पाचव्या आणि आठव्या घटकाला कापून निकामी करतं. थ्रॉम्बिन ज्यांच्या जोरावर वाढत होतं त्यांनाच संपवण्याचा हुकूम थ्रॉम्बिनच देतं.

*

हे सापडलं ते सशाच्या हृदयात. चार्ल्स एस्मन आणि व्हाइट ओवेन यांनी 1981 मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला. परीक्षानळीत थ्रॉम्बिन प्रथिन सीला चेतवत होतं, पण इतक्या संथपणे की शरीराला त्याचा काही उपयोग नसावा. त्यांनी दोन्ही प्रथिनं बाहेर काढून जिवंत ठेवलेल्या सशाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांमधून सोडली. पलीकडून निघणाऱ्या द्रवात प्रथिन सी चेतून आलेलं होतं, आणि हा वेग नळीतल्यापेक्षा किमान 20,000 पट जास्त होता. अस्तरावर काहीतरी आहे, हे त्यावरून कळलं.

परीक्षानळीला अस्तर नसतं. नळीत घडलं नाही म्हणून शरीरात घडत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. मला या प्रयोगाचं कौतुक यासाठी वाटतं.

आणखी एक. केशवाहिनीत रक्त थोडं आणि त्याला लागून असलेलं अस्तर भरपूर. मोठ्या रोहिणीत उलट. म्हणून रक्त बारीक वाहिन्यांत शिरलं की त्यातलं भटकं थ्रॉम्बिन ताबडतोब थ्रॉम्बोमॉड्युलिनच्या ताब्यात जातं. आवराचं मोठं काम बारीक वाहिन्यांत चालतं.

*

प्रथिन सी वेगळं काढलं स्वीडनमध्ये, योहान स्टेनफ्लो यांनी, 1976 साली, गायी-बैलांच्या प्लाझ्मातून. स्तंभातून प्रथिनं वेगळी होऊन उतरताना तिसऱ्या उंचवट्यात सापडलं म्हणून सी. प्रथिन एस सिएटलचं. नावं इतकी साधी की त्यामागचं काम डोळ्यांत भरत नाही.

*

व्हिटॅमिन के नसेल तर यकृत दोन, सात, नऊ आणि दहा हे घटक नीट बनवू शकत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. प्रथिन सी आणि एससुद्धा त्याच व्हिटॅमिनवर बनतात, हे मात्र विसरलं जातं. आणि तिथेच वॉरफॅरिनची गोम आहे.

‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणून वॉरफॅरिन सुरू केलं की या सगळ्यांचं उत्पादन एकदम घटतं. पण जे आधीच रक्तात आहे ते आपापल्या गतीनं संपतं. प्रथिन सीचं अर्धं आयुष्य सहा ते आठ तासांचं. प्रोथ्रॉम्बिनचं, म्हणजे दुसऱ्या घटकाचं, अडीच दिवसांच्या आसपास. म्हणजे पहिल्या एक-दोन दिवसांत आवर आधी सुटतो आणि गोठवणारा मुख्य ऐवज अजून शिल्लक असतो. गुठळीवर दिलेली गोळी काही काळ गुठळीच्याच बाजूनं झुकते. ज्यांच्यात प्रथिन सी जन्मतः कमी असतं त्यांची कातडी अशा वेळी काळी पडून मरू शकते. मांडी, स्तन, पोट अशा चरबीच्या जागी जास्त. म्हणून नव्या गुठळीत वॉरफॅरिनबरोबर किमान पाच दिवस हेपॅरिनची इंजेक्शनं द्यायची, आणि आयएनआर (गोठायला लागणाऱ्या वेळाचं प्रमाणित मोजमाप) दोनच्या वर टिकल्याशिवाय ती थांबवायची नाहीत. पोटात गोळ्या सुरू झाल्या, आता इंजेक्शन कशाला, असं पेशंट विचारतो तेव्हा दोन मिनिटं बसून हे समजावून सांगावं. लोकांना समजतं. आपण सांगत नाही.

पालेभाजीचंही तसंच. ‘मेथी, पालक, अळू बंद’ असं सांगून माणसं घाबरवून ठेवलेली असतात. बंद करायची गरज नाही. रोज साधारण सारखी खा, एका आठवड्यात शून्य आणि दुसऱ्या आठवड्यात जुडीच्या जुड्या असं करू नका, एवढंच सांगायचं आणि डोस त्या खाण्याला जुळवून घ्यायचा.

*

आईकडून एक आणि वडिलांकडून एक, प्रथिन सीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर बाळाच्या अंगावर जन्मानंतर काही तासांत किंवा दिवसांत जांभळे-काळे चट्टे उठतात. कातडीच्या बारीक वाहिन्या गुठळ्यांनी बंद झालेल्या असतात. डोळ्यांत आणि मेंदूतही हेच झालेलं असू शकतं, कधी जन्माआधीच. जंतुसंसर्ग समजून वेळ जातो. ताजा गोठवलेला प्लाझ्मा दिला की चट्ट्यांची वाढ थांबते, कारण त्यात प्रथिन सी असतं. पण काही तासांत ते संपतं आणि पुन्हा द्यावं लागतं. शुद्ध प्रथिन सीचं औषध आहे, महाग आहे. आई-वडील स्वतः बहुधा ठणठणीत असतात. एका प्रथिनाची शरीराला काय किंमत आहे, हे या बाळांइतकं स्पष्ट दुसऱ्या कशातून दिसत नाही.

*

नॉर्वेचे ओलाव्ह एगेबर्ग यांनी 1965 मध्ये एका कुटुंबाचं वर्णन केलं. अनेकांना गुठळ्या, आणि रक्तातलं अँटिथ्रॉम्बिन, म्हणजे थ्रॉम्बिनला निष्प्रभ करणारं प्रथिन, निम्म्याच्या आसपास. गुठळ्यांची प्रवृत्ती वारशानं येऊ शकते, याचा तो पहिला ठोस पुरावा. हेपॅरिन तेव्हा वापरात होतं. ते स्वतः फारसं काही करत नाही, या अँटिथ्रॉम्बिनलाच हजार पटीनं जलद करतं, हे त्यानंतर नीट उलगडलं.

मग 1981 मध्ये प्रथिन सी कमी असलेलं कुटुंब, अमेरिकेत. तरीही बहुतेक कुटुंबांचं कोडं सुटत नव्हतं. माल्मोचे ब्यर्न डालबेक यांनी गुठळ्यांच्या एका पेशंटच्या प्लाझ्मात चेतवलेलं प्रथिन सी घातलं. गोठायला वेळ लागायला हवा होता, लागला नाही. त्यांनी हे 1993 मध्ये मांडलं. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या लायडन गावच्या गटानं कारण दाखवलं: पाचव्या घटकात 506 व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन. प्रथिन सी नेमकं तिथेच कापतं. आवर शाबूत, पण ज्याला आवरायचं तेच दाद देत नाही.

युरोपीय वंशाच्या सुमारे 5 टक्के लोकांत हा बदल आहे. तो एकदाच, वीसेक हजार वर्षांपूर्वी घडला असावा. इतकी माणसं तो घेऊन टिकली, कारण बाळंतपणात त्या बायकांचा रक्तस्राव कमी होतो असं दिसतं. आपल्याकडे हा बदल कमी आढळतो, त्यामुळे युरोपातल्या चाचण्यांची यादी जशीच्या तशी उचलून उपयोग नाही.

*

घोणस. हिच्या विषात दहाव्या आणि पाचव्या घटकाला थेट चेतवणारी प्रथिनं असतात. तरी चावलेला माणूस रक्तस्रावानं दगावतो. शरीरभर इतकी गोठण सुरू होते की फायब्रिनोजेनच संपून जातं, आणि मग हिरडीतून, लघवीतून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त थांबत नाही.

हे ओळखायला ग्रामीण रुग्णालयात लागते ती फक्त काचेची नळी. नवी, कोरडी, स्वच्छ. साबणानं धुतलेली नको, प्लॅस्टिकची तर नकोच, कारण काचेच्या पृष्ठभागानं गोठण सुरू होते. दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, नळी उभी ठेवायची, वीस मिनिटं हलवायची नाही, मग एकदाच कलती करायची. रक्त वाहिलं तर विषाचा अंमल झाला आहे. प्रतिविष सुरू करायचं. कोकणात फुरशाच्या दंशालाही हीच परीक्षा. नळी मध्येच उचलून बघायचा मोह होतो. घड्याळ लावून दूर उभं राहावं.

याच घोणशीचं विष पातळ करून मॅकफार्लेन आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयातले बर्जेस बार्नेट यांनी 1934 मध्ये हिमोफिलियाचा रक्तस्राव थांबवायला वापरलं. आजही गुठळ्यांच्या एका महत्त्वाच्या चाचणीत ते विष लागतं.

*

जॉन हेगमन. अमेरिकेतला रेल्वे कामगार. त्याचं रक्त काचेत गोठेना, त्यावरून बारावा घटक सापडला. तो रक्तस्रावानं गेला नाही. कमरेचं हाड मोडल्यावर फुप्फुसात गुठळी जाऊन 1968 मध्ये गेला.

*

चेतवलेलं प्रथिन सी औषध म्हणूनही आलं, जंतुदोषानं अवयव निकामी होत चाललेल्या पेशंटसाठी. 1690 पेशंटांच्या चाचणीत मृत्यू 30.8 टक्क्यांवरून 24.7 वर आले आणि 2001 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. 2011 मध्ये औषध मागे घेतलं गेलं. चाचणी पुन्हा करायला लावणाऱ्यांचे आभार मानले पाहिजेत. मूळ कल्पना मात्र वाया गेली नाही. प्रथिन सी पेशींनाही वाचवतं, सूज कमी करतं. गोठण रोखण्याची ताकद जाणूनबुजून कमी केलेली त्याची रूपं पक्षाघातात तपासली जात आहेत.

*

एक तक्रार. पायात गुठळी झालेल्या बाईला भरती केल्याच्याच दिवशी ‘थ्रॉम्बोफिलिया प्रोफाइल’, म्हणजे गुठळ्यांच्या प्रवृत्तीच्या चाचण्यांचा संच, लिहून देतात. ताज्या गुठळीत प्रथिन सी, एस, अँटिथ्रॉम्बिन, सगळंच खर्ची पडून कमी येऊ शकतं. वॉरफॅरिनवर सी आणि एस कमीच येणार. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांवर एस कमी येतं. यकृताच्या आजारात सगळंच. अशा रिपोर्टवर ‘जन्मजात कमतरता’ असा शिक्का बसतो, तो तिच्या बहिणींच्या आणि मुलींच्या लग्नापर्यंत पोचतो. हजारो रुपये जातात ते वेगळेच. चाचणी उपचार संपल्यावर करावी, कमी आलं तर काही आठवड्यांनी पुन्हा करावी, आणि उत्तरानं उपचार बदलणार नसेल तर करूच नये.

*

हिमोफिलियात गोठण कमी पडते. इतकी वर्षं मुख्य उपाय एकच होता: कमी असलेला आठवा किंवा नववा घटक शिरेतून द्या. आता दुसऱ्या टोकाकडून हात घातला आहे. फिटुसिरान हे औषध यकृतात अँटिथ्रॉम्बिन बनणंच कमी करतं. अमेरिकेत 2025 च्या मार्चमध्ये मान्यता. कातडीखाली इंजेक्शन, काहींना दोन महिन्यांतून एकदा. शिरा शोधून थकलेल्या मुलांसाठी याचा अर्थ काय, ते त्यांच्या आयांना विचारावं.

पण चाचण्यांदरम्यान गुठळ्या झाल्या, एक पेशंट मेंदूतल्या गुठळीनं दगावला. डोस बदलावे लागले. आता अँटिथ्रॉम्बिन मोजत राहायचं आणि ते 15 ते 35 टक्क्यांच्या मध्ये ठेवायचं. पस्तिसाच्या वर गेलं तर रक्तस्रावापासून संरक्षण अपुरं, पंधराच्या खाली गेलं तर गुठळीची भीती.