दुःखाच्या घरी जाताना

मरण झालेल्या घरात पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त काय येत असेल, तर कारणं. अंगणात सतरंजी टाकलेली असते, बायका आत, माणसं बाहेर, आणि येणारा जो तो काही ना काही कारण घेऊन आलेला असतो. ‘वेळ भरली होती.’ ‘चांगली माणसं देवाला आधी लागतात.’ ‘मागचं काही देणं असेल.’ आम्हा ख्रिस्ती लोकांत शब्द तेवढे बदलतात. ‘प्रभूची योजना आहे.’ ‘प्रभू आपल्या लाडक्यांचीच परीक्षा पाहतो.’ माझे यजमान गेले तेव्हा खामगावच्या घरी बसून मी ही सगळी कारणं ऐकली. सांगणारे मनाने चांगले होते, त्यातले काही माझ्यासाठी रडलेही. पण एकदा कारण सांगून झालं की सांगणाऱ्याला उठून जाता येतं, हे मला त्या आठवड्यात दिसलं. प्रश्न सुटल्यासारखा होतो आणि घरात राहतो तो फक्त ज्याचा त्याला.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तर कारणांच्या फाइली होतात. पश्चिम विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या आता इतक्या जुन्या झाल्या आहेत की त्यांच्याबद्दल बोलायची एक सवयीची भाषा तयार झाली आहे. ‘औषध घेतलं’ एवढंच म्हणायचं, ऐकणाऱ्याला फवारणीचा डबा दिसतो. मग तलाठी येतो, पंचनामा होतो. सातबारा कोणाच्या नावावर होता, कर्ज कोणत्या बँकेचं होतं, नापिकी होती का, हे सगळं जिल्ह्याच्या समितीपुढे जातं आणि प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतं. पात्र ठरलं तर एक लाख रुपये. शासनाला कारण विचारावं लागतं हे मी समजू शकते. पण तिशीतली बाई दोन लेकरं घेऊन तहसीलच्या पायरीवर बसलेली असते, आणि आपल्या नवऱ्याचं मरण अपात्र होतं असा कागद तिच्या हाती येतो, तेव्हा कारण नावाच्या गोष्टीची चीड येते. नातेवाईक तिलाच विचारतात, भांडण झालं होतं का. उपासनेला आली तर तिला सांगतात, देव मोडतो तो घडवायलाच.

बायबलमध्ये या घाईला फार जुनी जागा आहे. ईयोबाची गुरंढोरं गेली, लेकरं गेली, अंगभर गळवं उठली. त्याचे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कोणी अवाक्षर बोललं नाही. त्या पुस्तकात त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेवढंच. आठव्या दिवसापासून ते कारणं सांगू लागले: तुझं काहीतरी पाप असणार, देव उगाच मारत नाही. पानंच्या पानं ते देवाची बाजू मांडत राहिले आणि शेवटी देवच त्यांच्यावर रागावला.

योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाची गोष्ट आहे. शिष्य येशूला विचारतात, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, ह्याच्या की आईबापांच्या? हा प्रश्न आमच्या ओसरीवरचाच. येशू दोन्ही कारणं नाकारतो. देवाचं काम ह्याच्यात दिसावं म्हणून, असं म्हणतो, दिवस आहे तोवर ते काम केलं पाहिजे असंही सांगतो आणि लगेच वाकून माती कालवायला घेतो. त्या उत्तरावर पंडितांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला त्यातली दिशा महत्त्वाची वाटते. शिष्यांचं तोंड मागे होतं, कोणामुळे झालं इकडे. येशूने ते पुढे वळवलं, आता काय करायचं इकडे. दुःखाला हेतू असतोच, तर तो या पुढच्या बाजूला असावा. मागे खणत बसलं तर हाताला फक्त दोष लागतो, कधी स्वतःचा, कधी दुसऱ्याचा, कधी देवाचा.

हे मला पुस्तकाने शिकवलं नाही, माझ्या पणजीने शिकवलं. ती दुष्काळातली पोर. १८९९ साली पाऊस गेला आणि वऱ्हाडात जो काळ पडला त्याला जुनी माणसं छप्पन्नचा दुष्काळ म्हणत, संवत १९५६ चा. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे बारा टक्क्यांनी घटली. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, आमच्या जिल्ह्यात ते १९०५ साली आलं. कापसाची मोठी बाजारपेठ, १८७० पासून जलंबहून खास कापसासाठी आणलेला रेल्वेचा फाटा, आणि त्याच गावाच्या वाटांवर माणसं भुकेने पडत होती. नुसत्या पावसाने हे केलं नाही. ज्वारीच्या रानात कापूस गेला होता, गाठी बाहेर जात होत्या, आणि बाजारातलं धान्य मजुराच्या हाताबाहेर गेलं होतं. ‘देवाची मर्जी’ म्हणून हात जोडले की माणसांनी केलेल्या गोष्टी त्या जोडलेल्या हातांमागे झाकल्या जातात.

अमेरिकेतल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनने तेव्हा अकोल्याला मुलांसाठी आणि खामगावला मुलींसाठी अनाथगृह चालवलं होतं. पणजी तिथे वाढली. वय अंदाजे सहा वर्षं. गाव माहीत नाही, ‘पूर्णाथडीचं कुठलंतरी’ एवढंच. जात माहीत नाही, आडनाव माहीत नाही. नावही तिथेच मिळालेलं. विदर्भातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांची वंशावळ अशीच एखाद्या दुष्काळाशी येऊन थांबते, त्याच्या अलीकडे नावं आहेत आणि पलीकडे भूक.

गावात कोणाकडेही मयत झालं, कोणत्याही जातीचं, कोणत्याही धर्माचं, की पणजी ज्वारीच्या कण्या शिजवून घेऊन जायची. सांत्वनाचं एक वाक्य तिला येत नव्हतं. ती थेट ज्या बाईचं माणूस गेलं तिच्याजवळ बसायची आणि तिला चार घास खाऊ घालायची. मी लहानपणी विचारलं तर म्हणाली, ‘पोटात काही नसलं त रडूबी येत नाही, माय.’ हे ज्ञान तिला कुठे मिळालं होतं हे उघड आहे. भुकेलेल्या माणसाचे डोळे कोरडे असतात, हे तिने रस्त्यावर पाहिलेलं होतं.

एकदा आमच्याकडे उपासनेला पाहुणे उपदेशक आले होते. दुष्काळाचा विषय निघाला आणि ते म्हणाले, देवाने तो दुष्काळ पाठवला म्हणून तर तुमच्या आजीला तारणारा भेटला. सगळ्यांनी माना डोलावल्या. पणजी मागच्या बाकावरून एवढंच म्हणाली, ‘मंग माह्या लहान्या भावाले कायले नेलं?’ भाऊ तिच्या पाठीवर होता, खामगाव यायच्या आधीच वाटेत गेला. उपदेशकांकडे उत्तर नव्हतं. तिने ते मागितलंही नव्हतं. पुढच्या रविवारी ती नेहमीच्या वेळी, नेहमीच्या बाकावर होती. तिच्या विश्वासात हा प्रश्न मावत होता. पुष्कळांच्या विश्वासात तो मावत नाही, म्हणून ते उत्तर तयार करतात.

पणजीसारखंच, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर, पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसतं. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही लेक तीर्थोतीर्थी पुराणं सांगत फिरणाऱ्या घरात वाढली. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला, त्यात वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघंही थोड्या थोड्या अंतराने गेली. १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले, तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या मरणांपैकी एकाचाही हिशेब त्यांनी देवाकडून पुरा करून घेतला, असं मला दिसत नाही. पण १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळलं तेव्हा त्या उठून तिकडे गेल्या. आपण स्वतः उपाशी राहिलो आहोत ही आठवण बसू देत नव्हती, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. शेकडो मुली आणि विधवा आणल्या, तोवर पुण्यात प्लेग होता, शहरात त्यांना ठेवता येईना. मग केडगावच्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. ते मुक्ती मिशन. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. कोणत्या मुलीला आधी पाणी द्यायचं, कोणाला एकदम पोटभर वाढायचं नाही, हे सांगायला रमाबाईंना डॉक्टर लागला नसावा. विशीच्या आतच त्या ते शिकल्या होत्या.

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राची सुरुवात याच विचाराने होते. आसियात जगण्याचीही आशा सुटावी असं संकट त्याच्यावर आलं होतं. त्यात देवाकडून जो धीर मिळाला तो आपल्यापाशी ठेवण्यासाठी नसून तशाच संकटातल्या दुसऱ्याला देण्यासाठी आहे, असं तो म्हणतो. आपलं दुःख कशासाठी होतं, याचं उत्तर तिथे मिळतं असं नेहमी सांगितलं जातं. पौल मात्र दुःखाचा हेतू सांगत नाही, धीराचा सांगतो. हा फरक लहान नाही. केडगावला दोन हजार जीव वाचावेत म्हणून एका मुलीची आई उपाशी मरावी, असं गणित मांडणारा देव मला नको. दुष्काळ वाईटच होता. त्यात एका पोरीला जे समजलं, ते तिने वीस वर्षांनी दुसऱ्या पोरींच्या उपयोगी आणलं. हेतू तिने तिथे घडवला, आणि देव त्या घडवण्यात तिच्याबरोबर होता असं मी मानते.

एक गोष्ट मात्र आम्ही ख्रिस्ती लोकांनी टाळता कामा नये. उपाशी लेकराला ताट देताना वाढणाऱ्याच्या दुसऱ्या हातात धर्म असेल तर त्या मदतीला काय म्हणायचं? रमाबाईंच्या शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवलं जातं, यावरून १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. ती टीका सगळी द्वेषाची नव्हती. माझ्या पणजीला सहाव्या वर्षी निवड करता आली नाही, हे खरं आहे. ती जगली ती त्याच अनाथगृहामुळे, हेही तितकंच खरं. मी दोन्ही सोबत घेऊन जगते. माझ्यापुरता मी एक निकष ठेवला आहे. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, नऊजण आभार मानायलाही परतले नाहीत, म्हणून त्यांचा रोग परत आला नाही. धीर देऊन त्याच्या बदल्यात काही मागितलं की तो व्यवहार झाला.

म्हणून आमच्या मंडळीतल्या बायका आता दुःखाच्या घरी जातात तेव्हा काही साधे नियम पाळतात. घर दुसऱ्या धर्माचं असेल तर कोणी म्हटल्याशिवाय मोठ्याने प्रार्थना करायची नाही, ती आपल्या घरी करायची. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, म्हणून आपण चौदाव्या दिवशी जायचं. पीठ, तेल, चहापत्ती न्यायची. फाइल अडली असेल तर तहसीलला सोबत जायचं, आणि हे काम जमतं ते जिची स्वतःची फाइल कधी अडली होती तिलाच. संग्रामपूर आणि जळगाव जामोदकडे खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाचे रोगी पुष्कळ आहेत, पूर्णेच्या खोऱ्यातलं तिथलं पाणीच खारं. डायलिसिसला नेलेल्या माणसाच्या बायकोला ‘देव परीक्षा पाहतोय’ म्हणायचं नाही. मशीन सुरू असताना चार तास तिच्याशेजारी बाकावर बसायचं आणि गावाला गोडं पाणी कधी मिळणार, हे विचारायला तिच्याबरोबर पंचायतीत जायचं.

यजमान गेल्यावर पहिली काही वर्षं मी कोणाच्याच घरी गेले नाही. मग शेजारच्या गल्लीत एकीचा नवरा गेला, आणि तिला काय लागेल ते मला कोणी न सांगता कळत होतं. रात्री दोन वाजता जाग येते, पलंगाची एक बाजू अंगावर येते, पहिली दिवाळी कशी काढायची असते, बँकेचं खातं कसं बदलतं. हे सगळं माझ्याकडे होतं आणि तिला हवं होतं. त्यासाठी माझे यजमान गेले असं मी म्हणणार नाही, कोणी म्हटलं तर ऐकून घेणार नाही. पण ते गेल्यावर माझ्याकडे जे उरलं ते वाया गेलं नाही, एवढं म्हणता येतं, आणि माझ्या विश्वासाला तेवढं पुरतं.

ते का गेले, हा प्रश्न मी सोडलेला नाही. पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे, तेव्हा एक दिवस तो समोरासमोर विचारीनच. फक्त थांबावं लागेल, कारण त्या रांगेत लहान्या भावाचा प्रश्न घेऊन पणजी माझ्या पुढे उभी असणार, आणि तिला मधेच बाजूला सारायची हिंमत आमच्या घरात कोणाचीच नाही.