वरच्या घरातलं ऊन

तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला उन्हाळा बराचसा ऐकून माहीत असतो. आमची इमारत नेरूळमधली, चार मजली. मे महिन्यात रात्री जेवणं उरकून आम्ही पंखा लावून आडवे होतो, आणि तेवढ्यात डोक्यावर गादी ओढल्याचा आवाज येतो. वरचे काका-मावशी झोपायला जागा शोधत असतात. बेडरूममधून हॉलमध्ये, हॉलमधून दाराशी. एकदा दहाच्या सुमाराला मी त्यांच्याकडे किल्ली द्यायला गेलो तर दार उघडताच झळ आली. सूर्य मावळून तीन तास झाले होते.

याचं गणित सोपं आहे, म्हणून जास्तच चीड आणणारं. गच्चीचा स्लॅब चार-पाच इंचांचा. काँक्रीट ऊन अडवत नाही, फक्त उशिरा पोचवतं. थर्माकोलमधून जेवढी उष्णता जाते तिच्या चाळीसेक पट त्याच जाडीच्या काँक्रीटमधून जाते. भर दुपारी वरच्या बाजूने शिरलेलं ऊन काही तासांनी खालच्या बाजूला उतरतं, म्हणजे नेमकं माणसं लोकलमधून घरी येतात तेव्हा. मग रात्रभर ते छत खालच्या माणसांकडे तोंड करून तापलेलं. आमचंही छत म्हणजे स्लॅबच, त्याच कंत्राटदाराने ओतलेला. पण आमच्या आणि सूर्याच्या मध्ये एक अख्खा संसार आहे. त्यांची फरशी, ती दोनदा ओल्या फडक्याने पुसणाऱ्या मावशी, त्यांच्या खोल्यांतली आठ-नऊ फूट हवा. आमचं इन्सुलेशन आम्ही विकत घेतलेलं नाही. ते सकाळी लिफ्टपाशी भेटतं आणि झोप झाली नाही म्हणून सांगतं.

माझा भाचा कॅल्गरीला असतो. त्याचं दुखणं याच्या उलट. घराला तळघर, वर दोन मजले, बाहेर उणे तीस. फर्नेस तळघरात, तिथून गरम हवा नळ्यांमधून खोल्याखोल्यांत जाते. तरी वरच्या बेडरूममध्ये पांघरूण लाथाडायची वेळ येते आणि तळघरातल्या खोलीत माझी बहीण पायमोजे घालून, शाल गुंडाळून बसते. थर्मोस्टॅट मधल्या मजल्यावरच्या भिंतीला. त्याला आपल्या भिंतीपुरतं कळतं. तिथे एकवीस अंश झाले की घर गरम झालं असं समजून तो फर्नेस बंद करतो.

भाच्याने ठरवलं, दोन मजल्यांच्या मध्ये, लाकडी तुळयांच्या पोकळीत इन्सुलेशन भरून घ्यायचं. कंत्राटदार आला, घर हिंडला आणि त्याने चालून आलेलं काम नाकारलं. (असा कंत्राटदार इथे भेटला तर त्याचा सत्कार करावा.) त्याचं म्हणणं असं की दोन्ही बाजूंना तापवलेल्याच खोल्या आहेत, मध्ये भरून तुम्ही अडवणार काय? वरच्या पावलांचा आवाज थोडा कमी येईल, इतकंच. हवा जिन्यातून वर जाते. छतातल्या दिव्यांभोवतीच्या फटी, माळ्याचं झाकण, तिथून ती बाहेर निसटते, आणि जेवढी वरून गेली तेवढीच थंड हवा खालच्या फटींतून आत ओढली जाते. गळती वरच्या टोकाला आणि थंडी खालच्या माणसाला. तेव्हा वरच्या फटी बुजवा, तळघराच्या भिंतींना आतून अस्तर द्या आणि माळ्यावरचा थर जाड करा.

भाच्याने तसं केलं. माळ्याच्या जमिनीवर पाइपने उडवून दीड फूट काचतंतू भरला. फोटोत तो जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखा गुलाबी दिसत होता. बहिणीने फोनवर एवढंच विचारलं, "मग माळ्यावर ठेवायचं काही नाही? मग माळा कशाला?"

प्रश्न कोकणातल्या बाईचा होता आणि रास्त होता. आमच्या घरी माळा म्हणजे भांडी, कांदे, भात आणि मे महिन्यात आंब्याची अढी. वर मंगळुरी कौलं. ऊन कौलांवर तापायचं, गरम हवा कौलांच्या फटींतून वाट काढायची, आणि जी राहायची ती माळ्यावर कोंडायची. खाली सारवलेल्या जमिनीवर आम्ही दुपारी निवांत घोरायचो. माळ्यावर शिडीने चढलं की पेंढ्याचा आणि पिकत्या आंब्याचा वास असा अंगावर यायचा की घाम पुसायचं भान नसायचं. घरात एक थर तापणार हे तिथे कुणी तरी ओळखलं होतं, आणि तो थर माणसांना न देता आंब्यांना दिला होता.

घाटावरची तऱ्हा वेगळी. सोलापूर, लातूर, धाराशिवकडे माळवदाची घरं. लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर आडवी लाकडं, पाला, चिखल आणि सगळ्यांत वर पांढरी माती. मध्ये उजेडासाठी साणं. पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची, दाबायची, उतार धरायचा. पिढ्यान्‌पिढ्या माती पडत गेल्याने थर दीड-दोन फुटांवर जायचा. बाहेर चाळीसच्या वर पारा असताना माळवदाच्या आत शिरलं की डोळे आधी काळोखाला आणि मग गारव्याला सरावायचे. तिथेही माती ऊन अडवत नव्हती, ती उशीरच करायची. पण तो उशीर इतका मोठा की दुपारचं ऊन आत उतरेपर्यंत पहाट व्हायची, आणि त्या कोरड्या मुलखात पहाटे थोडी ऊब कुणालाही चालते.

कॅल्गरीच्या काचतंतूचा थर दीड फूट, माळवदाचाही दीड फूट. काचतंतू चौरस मीटरला चार-पाच किलो भरतो. माती सातशेच्या आसपास. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला जमीन हलली तेव्हा हे वजन, मातीत रचलेल्या दगडी भिंतींसकट, झोपलेल्या माणसांवर आलं. दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली. पुढे बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. तिथल्या लोकांना कुणी माळवदाच्या गारव्याचं कौतुक सांगू नये. मीही ते जपूनच लिहितो आहे.

शिवाय माळवद नवी मुंबईत चाललंही नसतं. खाडीकाठची रात्र दमट असते, फारशी निवत नाही; उशिरा आलेली उष्णता इथे कुणालाच नको असते. इथे हवी ती कोकणाची रीत: हलकं छप्पर, ऊन परतवणारा पृष्ठभाग, मध्ये खेळती हवा. चार्ल्स कोरिया यांना हे कळत होतं. प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्या सोबतीने 1965 मध्ये 'मार्ग' मासिकातून खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडणारे ते हेच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी अहमदाबादला बांधलेल्या अरुंद घरात गरम हवा उतरत्या छताला धरून वर सरकायची आणि माथ्यावरच्या झरोक्यातून निघून जायची. ऐंशीच्या दशकात बेलापूरला, टेकडीच्या पायथ्याशी, त्यांनी आर्टिस्ट व्हिलेज रचलं: सात-सात घरं एका चौकाभोवती, उतरती कौलारू छपरं, प्रत्येकाचं स्वतःचं थोडं मोकळं आकाश. समाजातल्या वेगवेगळ्या थरांतली माणसं तिथे राहावीत, पण भूखंडांत फारसा फरक नको, 45 ते 70-75 चौरस मीटर एवढाच, हा त्यांचा आग्रह. या आराखड्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यातली एकच गोष्ट मोठी वाटते: तिथे कुणाचं छत कुणाची जमीन नव्हतं. आपल्या वाटचं ऊन ज्याचं त्याने सोसायचं. आज तिथे फिरलं तर पुष्कळ घरांच्या जागी स्लॅबचे मजले चढलेले दिसतात. कुटुंब वाढलं, दुसरं काय करणार? कोरियांनी घर वाढवायला मुभा दिलीच होती.

वरच्या मजल्याची ही गोष्ट केवळ गैरसोयीची असती तर तिच्यावर इतकं लिहिलं नसतं. अहमदाबादेत 2010 च्या उष्णतेच्या लाटेत एका सार्वजनिक रुग्णालयात नवजात बाळं तापाने फणफणून अतिदक्षता विभागात येऊ लागली. प्रसूती विभाग सगळ्यांत वरच्या मजल्यावर, थेट गच्चीखाली होता. तो खालच्या मजल्यावर हलवला आणि अशी बाळं कमी झाली. औषध तेच, डॉक्टर तेच. मध्ये फक्त मजले आले.

आमच्या सोसायटीच्या सभेत यंदा गच्चीचा विषय निघाला. पर्याय तीन: पत्र्याची शेड, फुटक्या पांढऱ्या टाइल्सचं चायना मोझेक, नाहीतर ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात. सेक्रेटरी म्हणाले, "गच्ची गळली तर खर्च सोसायटीचा, ते उपविधीत आहे. गच्ची तापली तर कुणाचा, ते कुठे आहे दाखवा." तळमजल्यावरच्या काकूंनी त्यांच्याकडची ओल, डास आणि गटाराचा वास काढला. त्याची वर्गणी कोण काढतं? तेही खरंच होतं. मी म्हटलं, खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा आणि तिसऱ्या मजल्याने थोडा जास्त द्यावा, कारण इतकी वर्षं सावली आपल्याला फुकट मिळाली. तिसऱ्या मजल्यावरची बाकीची घरं माझ्याकडे बघायला लागली.

"रिडेव्हलपमेंट येऊ दे," एक जण समजुतीने म्हणाले, "वीस-बावीस मजले होतील. मग ते ऊन दुसऱ्या कुणाचं तरी."

"आणि तोवर?" वरच्या मावशींनी विचारलं.

पांढऱ्या रंगाची कोटेशन्स मागवायचं ठरलं. खर्च समान वाटणीने. तिसऱ्या मजल्याचं जादा माझं मी देणार आहे. ते इतिवृत्तात घेऊ नये, अशी शेजाऱ्यांनी विनंती केली.